हाकेच्या पलीकडे

मनुष्याला वाणी मिळाली खरी. परंतु त्या वाणीची धाव फार थोडी. मोठ्याने हाक मारली तर ती शेताच्या बांधापर्यंत पोहोचते. फार झाले तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जाते. त्यापुढे आपला शब्द न्यावयाचा तर जासूद धाडावा किंवा पत्र लिहावे, हाच मार्ग हजारो वर्षे चालत आला होता. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले आणि बातमी विजेच्या वेगाने धावू लागली. पण ती टिंबे आणि रेघा यांच्या सांकेतिक भाषेत. तारेवरून निरोप जाई, माणसाचा आवाज मात्र जात नसे. तो आवाज तारेवरून नेण्याचा मान ज्याला मिळाला, तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल विद्युत्शास्त्रातील पंडित नव्हता. तो कर्णबधिर मुलांचा शिक्षक होता. त्याच्या आईला नीट ऐकू येत नसे आणि पुढे ज्या मुलीशी त्याने विवाह केला, तिला तर मुळीच ऐकू येत नव्हते. साऱ्या जगाला दूरचे बोलणे ऐकविणाऱ्या या पुरुषाच्या जीवनातील हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

बेलचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरीत ३ मार्च १८४७ रोजी झाला. त्याच्या घराण्यात वाणीची उपासना दोन पिढ्या चालत आली होती. आजोबा शुद्ध उच्चार शिकवीत. वडील मेल्व्हिल बेल हेही त्याच विषयातील नामांकित शिक्षक होते. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडलेले आहेत, हे आपण व्याकरणात शिकतो. उच्चारस्थानांचा असाच सूक्ष्म विचार करून मेल्व्हिल बेल यांनी एक लिपी तयार केली. एखादा ध्वनी काढताना जीभ, ओठ आणि कंठ यांची ठेवण कशी असते, हे त्या लिपीतील प्रत्येक चिन्ह दाखवीत असे. ज्याने एखादा ध्वनी कधीही ऐकलेला नाही, त्यालाही चिन्ह पाहून तो काढता यावा, अशी ती योजना होती. या लिपीला त्यांनी 'दृश्य वाणी' असे नाव दिले.

आई एलायझा यांना ऐकू कमी येत असे. तरीही त्या पियानो उत्तम वाजवीत आणि मुलाला त्यांनीच संगीताची गोडी लावली. घरी येणारे लोक त्यांच्याशी कानाला लावलेल्या नळीतून मोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने मात्र निराळा मार्ग काढला. आईच्या कपाळाशी तोंड नेऊन तो हलक्या, खोल आवाजात बोले. आणि त्या आवाजाची कंपने आईला जाणवत. आवाज म्हणजे कंपन, आणि ते केवळ कानांनीच नव्हे तर अन्य मार्गांनीही जाणता येते, हा धडा त्याला पुस्तकातून नव्हे, तर आईच्या सहवासात मिळाला.

१८६३ साली वडिलांनी त्याला लंडनमध्ये एक बोलके यंत्र दाखविले. घरी परतल्यावर अलेक आणि त्याचा थोरला भाऊ मेल्व्हिल यांनी तसलेच यंत्र करण्याचा घाट घातला. एकाने भाता व कंठ तयार केला, दुसऱ्याने जीभ, ओठ आणि टाळू. भाता दाबून ओठ हलविले की लहान मूल आईला हाक मारीत असल्याचा भास होई. हे यंत्र पोरखेळच होते. पण मानवी वाणी ही काही गूढ शक्ती नसून समजून घेता येण्याजोगी क्रिया आहे, ही खूणगाठ त्या मुलाच्या मनात कायमची बसली.

पुढे या सुखी कुटुंबावर संकट कोसळले. १८६७ साली धाकटा भाऊ एडवर्ड क्षयाने गेला आणि १८७० साली त्याच रोगाने थोरल्या भावालाही ओढून नेले. अलेकची प्रकृतीही नाजूकच होती. उरलेला एकुलता एक मुलगा तरी वाचावा, म्हणून वडिलांनी मायदेशातील आपला लौकिक आणि मिळकत सोडली आणि त्याच वर्षी सर्वजण कॅनडातील ब्रँटफर्ड गावी येऊन राहिले. तेथील मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली. १८७१ साली तो अमेरिकेतील बॉस्टन शहरी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकविण्यासाठी गेला. १८७३ साली बॉस्टन विद्यापीठाने त्याला वाणीशास्त्राचा प्राध्यापक नेमले. दिवसा अध्यापन करावे आणि रात्री प्रयोग करीत बसावे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

त्या काळी अमेरिकेत तारायंत्राचा धंदा फार भरभराटीला आला होता आणि वेस्टर्न युनियन या कंपनीची त्यावर जवळजवळ एकछत्री सत्ता होती. देशभर तारा ताणण्यास अपार खर्च येई. म्हणून एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठविता आले तर कंपनीचा मोठा लाभ होणार होता. १८७२ साली स्टर्न्स याच्या युक्तीने दोन संदेश एकदम जाऊ लागले. १८७४ साली एडिसनने ही संख्या चारवर नेली. याहून अधिक संदेश पाठविण्याची युक्ती जो शोधील त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरील, हे सर्वांना ठाऊक होते.

बेलनेही या स्पर्धेत उडी घेतली. त्याची कल्पना संगीतातून आली होती. सतारीची मुख्य तार छेडली की तिच्याशी जुळवलेली तरफेची तार आपोआप निनादते. भिन्न स्वराची तार मात्र गप्प राहते. याच न्यायाने निरनिराळ्या स्वरांच्या पोलादी पट्ट्या तारेच्या दोन्ही टोकांस बसविल्या, तर प्रत्येक पट्टी आपल्याच स्वराचा संदेश तेवढा उचलील, अशी ही योजना होती. परंतु हीच कल्पना शिकागो येथील इलायशा ग्रे यालाही सुचली होती. ग्रे हा विद्युत्शास्त्रात मुरलेला कारागीर होता; त्याच्या पाठीशी मोठा कारखाना होता. बेलला मात्र विजेचे ज्ञान बेताचेच होते आणि त्याची बोटे यंत्रकामाला सरावलेली नव्हती.

अशा वेळी त्याच्या शिष्यांचे पालक साह्याला धावून आले. सेलम येथील चामड्याचे व्यापारी टॉमस सँडर्स यांचा मुलगा जन्मतः बहिरा होता. बेल त्याला शिकवीत असे आणि त्याच्या आजीच्या घरी राहत असे. गार्डिनर हबर्ड हे बॉस्टनचे प्रतिष्ठित वकील होते. त्यांची कन्या मेबल पाच वर्षांची असताना तांबड्या तापाने बहिरी झाली होती. तीही बेलची शिष्या होती. वेस्टर्न युनियनची मक्तेदारी मोडली पाहिजे, असे हबर्ड यांचे ठाम मत होते. या दोघांनी बेलला पैसा पुरविण्याचे मान्य केले. यंत्रे तयार करण्यासाठी चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्यातील टॉमस वॉटसन हा विशीतला कुशल कारागीर त्याला मिळाला.

तथापि बेलचे मन हळूहळू दुसरीकडेच ओढ घेऊ लागले होते. १८७४ च्या उन्हाळ्यात ब्रँटफर्डला असताना त्याने एका मृत माणसाच्या कानावर प्रयोग केले. कानाचा पडदा कागदासारखा पातळ. तरीही तो आतील हाडे हलवितो, हे पाहून तो थक्क झाला. एवढासा पडदा हाडे हलवितो, तर त्याहून मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलविणार नाही? आणि तो तुकडा लोहचुंबकापुढे हलला तर तारेत आवाजाबरहुकूम विद्युत्प्रवाह का उत्पन्न होणार नाही? या प्रश्नांनी त्याला झपाटून टाकले.

हबर्ड यांना हे वेड पसंत नव्हते. बेलने बोलक्या तारेचा नाद सोडून अनेक संदेशांच्या तारायंत्राकडेच लक्ष द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. अशा द्विधा मनःस्थितीत १८७५ च्या मार्चमध्ये बेलने वॉशिंग्टन येथे वृद्ध शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांची भेट घेतली. ही कल्पना आपणास सुचली आहे, परंतु ती सिद्धीस नेण्यापुरते विजेचे ज्ञान आपल्यापाशी नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. ज्ञान नसेल तर ते मिळवावे, एवढेच मोजके उत्तर त्या ज्ञानवृद्धाने दिले. बेलला तेवढे पुरेसे झाले.

२ जून १८७५ हा दिवस त्याच्या आयुष्यात निर्णायक ठरला. बेल व वॉटसन दोन वेगवेगळ्या खोल्यांत तारायंत्राच्या पट्ट्या जुळवीत होते. वॉटसनकडील एक पट्टी अडकून बसली. ती मोकळी करण्यासाठी त्याने ती बोटाने छेडली. त्याच क्षणी पलीकडच्या खोलीत बेलच्या कानाशी असलेल्या पट्टीतून झणत्काराचा आवाज आला. तो नुसता टकटक असा नव्हता. छेडलेल्या पट्टीचा सूर त्यात ओळखू येत होता. बेल धावत आला आणि वॉटसनला पुनःपुन्हा तीच पट्टी छेडावयास लावू लागला. तारायंत्रात विद्युत्प्रवाह तुटतो आणि जुळतो. येथे मात्र तो न तुटता, पाण्यावरील लाटेप्रमाणे आवाजाच्या चढउतारानुसार कमीअधिक होत होता. बोलणे वाहून नेण्यास असाच प्रवाह हवा होता. दुसरा कोणी असता तर बिघाड समजून पट्टी नीट करून कामाला लागला असता. बेलच्या कानाने मात्र त्या बिघाडातच आपल्या प्रश्नाचे उत्तर ओळखले.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मेबलशी त्याचा वाङ्निश्चय झाला. शोधाचा अर्जही लिहून तयार होता. शोधाच्या मालकीचा जो सरकारी हक्क मिळतो त्यास पेटंट म्हणतात. इंग्लंडमध्ये आधी अर्ज दाखल व्हावा म्हणून बेल अमेरिकेतील अर्ज थांबवून ठेवीत होता. अखेर हबर्ड यांचा धीर सुटला आणि १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांनी बेलला न विचारताच तो अर्ज वॉशिंग्टनच्या कचेरीत दाखल करविला. त्याच दिवशी, त्याच कचेरीत इलायशा ग्रे याचेही एक निवेदन आले! तारेवरून बोलणे पाठविण्याच्या यंत्रावर आपण काम करीत आहोत, असे त्यात नमूद होते. दोन माणसे, एकमेकांपासून शेकडो कोसांवर, एकाच शोधाच्या उंबरठ्यावर उभी होती. ७ मार्च रोजी पेटंट बेलच्या नावे निघाले. त्याचा क्रमांक १७४४६५. बेलला एकोणतीस वर्षे पूर्ण होऊन तेव्हा अवघे चार दिवस झाले होते.

यंत्र मात्र अद्याप स्पष्ट बोलले नव्हते. १० मार्च १८७६ रोजी बॉस्टनमधील एक्झिटर प्लेस येथील भाड्याच्या खोल्यांत बेलने नव्या यंत्रावर प्रयोग केला. पडद्याला जोडलेली एक सुई आम्ल मिसळलेल्या पाण्यात बुडविली होती. पडदा थरारला की सुई खालीवर होई आणि त्यानुसार विद्युत्प्रवाह वाढे वा घटे. बेलने यंत्रात तोंड घालून वॉटसनला आपल्याकडे येण्यास सांगितले. दुसऱ्या खोलीतून वॉटसन धावतच आला आणि प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आल्याचे त्याने सांगितले. मग दोघांनी जागा बदलून पुन्हा प्रयोग केला. बेलच्या अंगावर आम्ल सांडले म्हणून त्याने वॉटसनला हाक मारली, अशी आठवण वॉटसनने उतारवयात लिहिली आहे; बेलच्या टिपणवहीत मात्र तिचा उल्लेख नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी म्हणून फिलाडेल्फिया येथे भव्य प्रदर्शन भरले होते. विद्यार्थ्यांच्या परीक्षा जवळ आल्यामुळे बेल तेथे जाण्यास राजी नव्हता. मेबलने मोठ्या युक्तीने आणि निर्धाराने त्याला आगगाडीत बसविले. २५ जून रोजी परीक्षक उकाड्याने त्रासून गेले होते आणि बेलचे यंत्र न पाहताच परतण्याच्या बेतात होते. इतक्यात ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रो यांनी बेलला ओळखले. बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेच्या निमित्ताने त्यांचा परिचय झालेला होता. सम्राटांनी यंत्र कानाला लावले. दूरच्या टोकाला बेल शेक्सपिअरच्या नाटकातील स्वगत म्हणत होता. ते तारेतून ऐकू येताच सम्राट विस्मयाने चकित झाले. थोर शास्त्रज्ञ सर विल्यम टॉमसन यांनीही ते ऐकले. इलायशा ग्रेही त्या वेळी तेथे होता. बेलने कर्णबधिर मुलांसाठी केलेली निरपेक्ष सेवा त्या दिवशी अशी अकल्पितपणे फळास आली.

असे सांगतात की, हबर्ड यांनी हे पेटंट एक लाख डॉलरला वेस्टर्न युनियनपुढे ठेवले होते. परंतु त्या धनाढ्य कंपनीने या खेळण्यात काय राम आहे असे मानून ते नाकारले. ते कसेही असो, जुलै १८७७ मध्ये बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली. दोनच दिवसांनी, ११ जुलैला बेल व मेबल यांचा विवाह झाला. आपल्या वाट्याचे दहा भाग ठेवून बाकीचे सर्व बेलने विवाहाची भेट म्हणून पत्नीला देऊन टाकले. द्रव्याविषयी त्याची वृत्ती कशी होती, हे यावरून दिसून येते.

प्रारंभी टेलिफोन म्हणजे दोन घरांना किंवा घर आणि दुकान यांना जोडणारी एक तार, एवढेच त्याचे रूप होते. २८ जानेवारी १८७८ रोजी न्यू हेवन येथे मध्यवर्ती केंद्र सुरू झाले. सर्व ग्राहकांच्या तारा तेथे एकत्र आणून हव्या त्या दोन तारा जोडून देण्याची सोय झाली. एव्हाना वेस्टर्न युनियनला जाग आली होती. तिच्या ग्राहकांना टेलिफोन अधिक सोयीचा वाटू लागला होता. तिने ग्रेचे हक्क मिळविले, एडिसनला कामाला लावले आणि १८७७ च्या अखेरीस स्वतःची टेलिफोन कंपनी उभी केली. तिच्यापाशी अफाट भांडवल होते आणि देशभर तारांचे जाळे होते. त्यात एडिसनने कोळशाच्या साह्याने चालणारे बोलण्याचे यंत्र तयार केले. त्यात आवाज बेलच्या यंत्राहून कितीतरी ठणठणीत येई. बेलच्या कंपनीकडे पेटंटाचा एक कागद होता. पण ग्राहक तर चांगल्या यंत्राकडे वळणार! सँडर्स यांनी आपल्या व्यापारातील पैसा या कंपनीत ओतला होता. त्यांच्यावर दिवाळे निघण्याची पाळी आली.

अशा कसोटीच्या वेळी कंपनीने दोन गोष्टी केल्या. फ्रान्सिस ब्लेक या संशोधकाने तयार केलेले, एडिसनच्या यंत्राच्या तोडीचे यंत्र तिने मिळविले; आणि सप्टेंबर १८७८ मध्ये प्रतिपक्षावर न्यायालयात दावा लावला. दावा जिंकावयाचा तर खुद्द बेलची साक्ष हवी होती. बेल तेव्हा इंग्लंडमध्ये होता. तेथे त्याने १८७८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीला टेलिफोन दाखविला होता. परंतु धंद्यातील हेवेदावे आणि आपण दुसऱ्याचा शोध चोरल्याचे आरोप यांचा त्याला वीट आला होता. पुन्हा शिक्षक व्हावे, एवढीच त्याची इच्छा होती. नोव्हेंबरात तो क्वेबेक बंदरात उतरला तेव्हा वॉटसन त्याला गाठण्यासाठी मुद्दाम तेथे गेला होता. बेल त्या वेळी आजारीही होता. वॉटसनने गळ घातल्यावर अखेर तो बॉस्टनला आला आणि रुग्णालयात असतानाच त्याने आपले निवेदन सिद्ध केले.

त्या वेळी त्याच्या कामी आली ती त्याची टिपणे आणि पत्रे. आईवडिलांना, मेबलला आणि हबर्ड यांना त्याने वेळोवेळी लिहिलेल्या पत्रांत कोणती कल्पना केव्हा सुचली आणि कोणता प्रयोग केव्हा केला, हे तारीखवार नमूद होते. वेस्टर्न युनियनच्या वकिलांनाच आपली बाजू लंगडी वाटू लागली. त्यातच जे गुल्ड हा धूर्त धनिक तारायंत्राच्या धंद्यात तिच्याशी झुंज देऊ लागला होता. दोन आघाड्यांवर लढणे तिला परवडणारे नव्हते. १० नोव्हेंबर १८७९ रोजी तडजोड झाली. वेस्टर्न युनियनने बेलचे पेटंट मान्य केले, पंचावन्न शहरांतील सुमारे छप्पन्न हजार टेलिफोन बेल कंपनीच्या स्वाधीन केले आणि भाड्याच्या उत्पन्नातील वीस टक्के सतरा वर्षे मिळावे या अटीवर टेलिफोनच्या धंद्यातून अंग काढून घेतले. एका शिक्षकाच्या कल्पनेवर उभी राहिलेली चिमुकली कंपनी अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य कंपनीपुढे टिकून राहिली.

वाद मात्र येथे संपला नाही. या पेटंटावर पुढे सुमारे सहाशे खटले चालले. १८८६ साली पेटंट कचेरीतील एका परीक्षकाने, आपण बेलला ग्रेचे निवेदन दाखविले होते, असे शपथेवर सांगितले. बेलने ते साफ नाकारले. १८८८ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेलच्या बाजूने निकाल दिला. जर्मनीतील फिलिप राइस याने १८६१ सालीच तारेवरून सूर पाठविणारे यंत्र दाखविले होते. इटलीहून अमेरिकेत आलेल्या अंतोनियो मेउच्ची याने १८७१ साली आपल्या बोलक्या तारेचे निवेदन दाखल केले होते; परंतु दारिद्र्यामुळे पुढे त्याला ते चालू ठेवता आले नाही. २००२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून मेउच्चीच्या कार्याचा गौरव केला. त्यानंतर काही दिवसांतच कॅनडाच्या संसदेने बेलच्या सन्मानार्थ ठराव केला! मोठा शोध हा पुष्कळदा एकट्याच्या हातून लागत नाही. अनेकजण एकाच शिखराकडे निरनिराळ्या वाटांनी चढत असतात; जो आधी पोहोचतो आणि तसे सिद्ध करू शकतो त्याचे नाव राहते, इतरांचे कष्ट विस्मृतीत जातात. म्हणून बेलचे नाव घेताना या इतरांचेही स्मरण ठेवणे उचित होय.

१८९३-९४ साली बेलच्या दोन मुख्य पेटंटांची मुदत संपली. तेव्हा अमेरिकेत शेकडो नव्या टेलिफोन कंपन्या निघाल्या. मोठ्या कंपनीने ज्या खेड्यांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, तेथे शेतकऱ्यांनी कुंपणाच्या तारांवरूनसुद्धा टेलिफोन चालविले. कॅन्सस सिटीतील स्ट्रोजर या अंत्यविधीचे साहित्य पुरविणाऱ्या गृहस्थाने १८९१ साली माणसाच्या मदतीवाचून जोडणी करून देणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. हे सारे स्पर्धेने घडविले. काळाची गती अशी की, मक्तेदारीविरुद्ध झगडून वर आलेली बेलची कंपनीच पुढे विसाव्या शतकात प्रचंड मक्तेदार बनली आणि १९८४ साली कायद्याच्या बळावर तिचे तुकडे करावे लागले. आपल्या देशात १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली.

बेल मात्र या व्यापारी उलाढालींतून केव्हाच बाहेर पडला होता. १८८० साली फ्रान्सने त्याला पन्नास हजार फ्रँकांचे व्होल्टा पारितोषिक दिले. ते धन त्याने वॉशिंग्टन येथे प्रयोगशाळा काढण्यात खर्चिले. तेथे त्याने टेन्टर या सहकाऱ्यासह प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठविण्याचे यंत्र तयार केले. आज काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपाने जगाची संभाषणे धावत आहेत. त्या काळी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १८८१ साली त्याचा तान्हा मुलगा श्वास घेता न आल्यामुळे दगावला. त्या दुःखात खचून न जाता, श्वासोच्छ्वासास साह्य करणारे यंत्र तयार करण्याच्या मागे तो लागला.

आपण कर्णबधिरांचे शिक्षक आहोत, असे तो अखेरपर्यंत अभिमानाने सांगे. १८८६ साली अलाबामातील एक पिता आपल्या आंधळ्या व बहिऱ्या मुलीला घेऊन त्याच्याकडे आला. बेलने त्याला योग्य मार्ग दाखविला आणि त्यातूनच त्या मुलीला शिक्षिका लाभली. ती मुलगी म्हणजे हेलन केलर. तिने पुढे आपले आत्मचरित्र बेलला अर्पण केले. परंतु या क्षेत्रातील त्याचे एक मत पुढील पिढ्यांनी मान्य केले नाही. कर्णबधिरांनी हातांची खुणांची भाषा सोडून तोंडाने बोलावयास आणि ओठांवरून शब्द ओळखावयास शिकावे, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या मोठ्या नावामुळे या मताला बळ मिळाले आणि पुष्कळ शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. त्यामुळे अनेक मुलांची शिक्षणात कुचंबणा झाली. खुणांची भाषा ही पूर्ण आणि समर्थ भाषा आहे, हे आज सर्वमान्य झाले आहे. ज्यांचे कल्याण चिंतिले त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यात हा ध्वनीचा उपासक उणा पडला, ही गोष्टही त्याच्या चरित्रातून शिकण्यासारखी आहे.

उत्तर आयुष्य त्याने कॅनडातील बॅडेक गावाजवळच्या आपल्या घरी पतंग, विमाने आणि पाण्यावरून धावणाऱ्या वेगवान नौका यांच्या प्रयोगांत घालविले. त्याच्या मंडळाने तयार केलेले विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी तेथील गोठलेल्या सरोवरावरून उडाले. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यू यॉर्क व सॅन फ्रान्सिस्को यांना जोडणारी टेलिफोनची तार समारंभपूर्वक सुरू झाली. तेव्हा एका टोकाला बेल आणि हजारो मैलांवरील दुसऱ्या टोकाला वॉटसन होता. एकोणचाळीस वर्षांपूर्वी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेला आवाज आता एका महासागराच्या काठावरून दुसऱ्या महासागराच्या काठापर्यंत पोहोचला होता. गंमत अशी की, एकांतात चिंतन करणाऱ्या या पुरुषाने आपल्या अभ्यासिकेत मात्र टेलिफोन ठेवला नव्हता!

२ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे बेलने देह ठेवला. ४ ऑगस्टला त्याचा अंत्यविधी होत असताना उत्तर अमेरिकेतील सर्व टेलिफोन एक मिनिटभर बंद ठेवण्यात आले. लक्षावधी तारा मुक्या झाल्या. ज्या शांततेत त्याच्या आईचे आणि पत्नीचे आयुष्य गेले होते, ती शांतता त्या एका मिनिटापुरती साऱ्या खंडावर पसरली. मिनिट सरले, तारा पुन्हा बोलू लागल्या आणि मनुष्याची हाक पूर्ववत दूरदूर जाऊ लागली.